डावा हात वर

१८ जून

ठकू,

तुझी मुलगी काल दुपारी पोचली. सुखरूप आहे. तिनं तुला कळवलं असेलच, पण मी मोठी बहीण आहे, कळवणं माझं काम आहे, आणि तू फोन उचलत नाहीस म्हणून ते मी सोडणार नाही. मेसेज पाठवत नाही, कारण मेसेजमध्ये मला नीट रागावता येत नाही.

सामान: एक बॅग कपड्यांची, दोन बॅगा पुठ्ठ्याच्या. होय, पुठ्ठ्याच्या! पुठ्ठ्याचे गोल, पुठ्ठ्याच्या पट्ट्या, रंगीत ठोकळे, दोऱ्या आणि बाटल्यांची झाकणं. मी म्हटलं, "अगं, तू कॉलेजात गणित शिकत होतीस की भंगार गोळा करत होतीस?" तर म्हणते, "मावशी, हे अपूर्णांक आहेत." माझ्या जेवणाच्या टेबलावर आता एका ताटापुरती जागा उरली आहे. बाकी सगळे अपूर्णांक.

तिची पदवी हा काय प्रकार आहे, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. चार वर्षं, त्यात निम्मं गणित आणि निम्मं ते गणित मुलांना कसं शिकवायचं याचा अभ्यास. फक्त गणिताचा हं. विज्ञान शिकवायचं असेल तर पदवी वेगळी, भाषा शिकवायची असेल तर आणखी वेगळी. आमच्या वेळी एका बाईच्या हातात खडू दिला की ती भूगोलापासून शिवणकामापर्यंत काहीही शिकवायची. असो. हे तिचं शेवटचं वर्ष, आणि त्यातले पहिले चौदा आठवडे खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे काढायचे असतात. शाळा कुठली, तर आपली. सिस्टरांची. आपण दोघी शिकलो आणि मी चौतीस वर्षं शिकवलं ती. माझ्या दारापासून आठ मिनिटं. म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. तू पाठवलीस असा गैरसमज मी करून घेतलेला नाही.

सप्टेंबरात तिचा परीक्षेचा पाठ आहे. बाहेरून परीक्षक येणार, मागच्या बाकावर बसून गुण देणार. तो पाठ चांगला झाला तर शाळा पुढच्या जूनपासून तिला सहावीचं गणित देणार आहे. जागा एकच आहे. आणि नाही झाला, तर तू तिच्या काकांच्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची ठरवून ठेवली आहेस म्हणे. खुर्ची! इंजिनिअरिंगची जागा सोडून पोरगी मास्तरकीच्या मागे लागली, याचा राग तू माझ्यावर काढते आहेस. मी तिच्या डोक्यात काही भरवलेलं नाही. सहा वर्षांत मी तिचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. का, ते तुला माहीत आहे. एका फालतू थट्टेवरून.

तुझी ताई


९ जुलै

ठकू,

उत्तर नाही. छान. मी तरी कुठे वाट पाहत होते!

तुझी लेक रोज संध्याकाळी टेबलापाशी उभी राहून उद्याच्या पाठाची तालीम करते. कॉलेजात मैत्रिणी विद्यार्थी होऊन बसायच्या. इथे विद्यार्थी मी. बासष्टाव्या वर्षी सहावीत बसले आहे. काल विचारते, "मुलांनो, पाव मोठा की एक पंचमांश?"

मी म्हटलं, "पाव."

"असं नको ना, मावशी. चूक."

"पाव मोठा हे चूक?"

"उत्तर बरोबर आहे. पण तू चूक ना! पाचाचा आकडा मोठा म्हणून एक पंचमांश मोठा, असं म्हण. वर्गात पंधरा जण तसंच म्हणणार आहेत. मी तयारी कशाची करू?"

मग मी चुकले. मुद्दाम, मोठ्यानं, सिस्टरांनी ऐकलं असतं तर छड्या मिळाल्या असत्या असं. तर ही कपाळाला हात लावून म्हणते, "तू नीट चुकत नाहीस, मावशी. कुठलंही मूल असं चुकत नाही. मुलाच्या चुकीला काहीतरी कारण असतं."

चौतीस वर्षं वह्या तपासल्या मी, आणि मला नीट चुकता येत नाही! मी म्हटलं, "थांब, तुला खरी चूक देते. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. ही तुझ्या आईची आहे, सहावीतली."

तिनं हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "आईनं असं का केलं, ते विचारलं होतंस?"

"का काय का? चूक ती चूक. लाल फुली."

तिनं माझ्यापुढे झाकणं मांडली. पहिल्या आठवड्यात दोन सामने, एक जिंकला. दुसऱ्यात तीन सामने, एक जिंकला. "एकूण किती खेळले, किती जिंकले?"

पाचात दोन. दोन पंचमांश. मी झाकणं तीनदा मोजली, ठकू. मग मी म्हटलं की वाफ गेल्यावर जेवायला मजा नाही, चल, आवर हे. पण मला कालपासून अन्न गोड लागलेलं नाही. माझ्या लाल फुलीला कोणी उलट उत्तर देतं, हे मला चालत नाही.

ताई


२ ऑगस्ट

ठकू,

एक प्रश्न मी तिला तुझ्या वतीनं विचारला. "ही पदवी घेऊन पुढे काय? जन्मभर मास्तरीण?" अगदी तुझ्या आवाजात विचारला. तर बोटं मोजायला लागली. शाळा तर आहेच. पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींना असे लोक लागतात. हजारो उत्तरपत्रिका वाचून मुलं नेमकी कुठे अडतात ते शोधणारे असतात. नव्या शिक्षकांना शिकवणारे असतात. आणि मोठ्या माणसांचे वर्ग घेणारेही असतात, ज्यांना लहानपणी गणिताची भीती बसली त्यांचे. "मला ते सगळ्यात आवडेल," म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मला वाटतं, मुद्दामच.

तिची एक वही आहे. चुकांची वही. वर्गात कुठलं मूल काय चुकलं आणि का चुकलं असावं, हे ती रोज लिहिते. मी उघडून पाहिली. (विचारल्याशिवाय. मला लेक्चर देऊ नकोस.) पहिल्या पानावर फक्त "आई" लिहिलं आहे आणि खाली पान कोरं. मी विचारलं तर म्हणाली, "आईला कधीही विचारलं की म्हणते, मला गणित येत नाही, मावशीला विचार. याच्या पुढे ती काही सांगतच नाही."

त्या थट्टेचंच म्हणशील, तर मी काय म्हटलं होतं? पोरगी गणिताची वही घेऊन तुझ्याकडे आली आणि मी म्हटलं, "तिला कशाला विचारतेस, ती तर डावा हात!" बस. डावा हात म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त तुला आणि मला माहीत होतं. पण मी हसले म्हणून पाहुणे हसले, तुझा नवरा हसला. तू चहाचा ट्रे खाली ठेवलास आणि म्हणालीस, "ताई, तू आता निघ." चहासुद्धा न देता! मला अजूनही वाटतं की चहा द्यायला हवा होतास.

ताई


११ सप्टेंबर

ठकू,

घाबरू नकोस. तिला ताप आहे, साधा आहे, डॉक्टर येऊन गेले. परीक्षेचा पाठ अठरा तारखेला, तोवर ठणठणीत होईल.

हे दोन दिवस तिचा वर्ग मी सांभाळला. मुख्याध्यापिकाबाई माझीच विद्यार्थिनी. फोन केला तर "याच, बाई!" म्हणाली. आपली तीच खोली, कोपऱ्यातली. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांपैकी एकेकच उघडते, बाकीच्या रंगानं चिकटलेल्या. तेव्हाही अशाच होत्या. अडतीस मुलं. हुशार आहेत, पण शिस्तीच्या नावानं शून्य! प्रश्न विचारला की निम्मी मुलं हात वर करण्याऐवजी आपापसात चर्चा करतात. तुझ्या लेकीनंच लावलेली सवय. परीक्षकासमोर हे कसं दिसेल? मी थोडी शिस्त लावली. तपासणीच्या दिवसाची आपली जुनी पद्धत, बाकी काही नाही. तिला सांगितलेलं नाही. तिला सरप्राइज.

ताई


१६ सप्टेंबर

ठकू,

तुझं पार्सल मिळालं. तापाच्या गोळ्या, तिची शाल आणि एक चिठ्ठी: "ताप किती?"

दोन शब्द. सहा वर्षांनी दोन शब्द, आणि त्यातही चौकशी! ताप उतरला. म्हणजे शून्य. म्हणजे शून्य नव्हे, नेहमीइतका. तुला समजलं असेल. चिठ्ठी मी ठेवली आहे.

ताई


१९ सप्टेंबर

ठकू,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीच्या दोन्हींत माझी काही चूक नव्हती, म्हणून फाडली.

काल तिचा पाठ झाला. परीक्षक बारीक चणीचे गृहस्थ, खिशाला तीन पेनं. मी मागच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. तिनं फळ्यावर लिहिलं, अर्धा अधिक एक तृतीयांश. आणि विचारलं, "कोण सांगेल?"

अडतीस हात वर. एकदम. सैन्यासारखे. आणि सगळी मुलं अभिमानानं माझ्याकडे बघायला लागली.

तिच्या हातातला खडू थांबला. तिनं ते हात पाहिले, मग मला पाहिलं. ठकू, तिचे डोळे तुझे आहेत. ट्रे खाली ठेवताना तू असंच पाहिलं होतंस.

"हात खाली," ती म्हणाली. "मला आधी सांगा, काहींचे डावे आणि काहींचे उजवे का?"

पहिल्या बाकावरचा शहाणा उठलाच. "येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा! म्हणजे सगळ्यांचे वर दिसतात. तुम्ही फक्त उजव्यांना विचारायचं. मोठ्या बाईंनी सांगितलंय, पाहुण्यांना कळत नाही."

पाहुण्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. संपलं. नोकरी गेली, पोरगी काकांच्या खुर्चीत.

ती हसली. खरंच हसली. "असं होय! मग आज मी फक्त डाव्या हातांना विचारणार."

खिडकीपाशी बसणारी एक मुलगी आहे, कधी तोंड उघडत नाही. तिला उठवलं. ती पुटपुटली, "दोन पंचमांश." उजवे हात फिदीफिदी हसले.

"हसताय काय? ती काहीतरी मोजते आहे. काय मोजलंस गं?"

"आमच्या टीमनं दोन मॅच खेळून एक जिंकली. मग तीन खेळलो, त्यातली एक जिंकली. पाचात दोन."

"अगदी बरोबर मोजलंस." मग तिनं एकाच लांबीच्या दोन पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेतल्या. एकीचा अर्धा भाग कापला, दुसरीचा एक तृतीयांश, आणि दोन्ही तुकडे त्या मुलीच्या हातात दिले. "आता मॅच नाही, पट्टी आहे. हे जोडून लाव. अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?"

"जास्त."

"आणि दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?"

मुलीनं बराच वेळ घेतला. कोणी घाई केली नाही. मी असते तर केली असती. मग ती म्हणाली, "कमी. पण असं कसं? अर्ध्यात आणखी घातलं आणि कमी झालं?" आणि कोणी न बोलावता फळ्याकडे चालू लागली. तिच्यामागून आणखी चार डावे हात. सामने एकदा दोन आणि एकदा तीन होते, पट्टी मात्र दोन्ही वेळा तेवढीच होती, हे त्यांनी आपापसात भांडून शोधून काढलं. घंटा झाली तेव्हा पाठाच्या टाचणातल्या नऊ पायऱ्यांपैकी तिसरी चालू होती.

नंतर ऑफिसात परीक्षकांनी तिला विचारलं, ही हातांची युक्ती कोणाची? मी बाहेर बाकावर होते, दार उघडं होतं. ती म्हणाली, "वर्ग माझा आहे सर, जबाबदारी माझी."

आपल्याला सिस्टरांनी काय शिकवलं होतं? गुन्हा केला असेल तर नाव पुकारण्याआधी उभं राहायचं. मी आत गेले. म्हटलं, "मोठ्या बाई मी."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "किती वर्षं वापरलीत ही युक्ती?"

"चौतीस."

"आणि त्या डाव्या हातांचं पुढे काय झालं?"

ठकू, मी कुणालाही उत्तर दिल्याशिवाय सोडलेलं नाही, हे तुला माहीत आहे. काल दिलं ते एवढंच. म्हटलं, "त्यातली एक माझी बहीण आहे. बाकीच्यांचं मी कधी विचारलं नाही."

मग आठ मिनिटं चालत आम्ही घरी आलो. कुलूप उघडताना ती म्हणाली, "मावशी, आज तू नीट चुकलीस."

ताई


२९ सप्टेंबर

ठकू,

निकाल लागला. आधी वाईट ते: टाचण अपूर्ण, वेळेचं नियोजन नाही, दोन्हींत गुण कापले. पहिली श्रेणी एका गुणानं गेली. मी भांडायला निघाले होते, तिनं चप्पल लपवली.

आता चांगलं. अभिप्रायाच्या रकान्यात त्या तीन पेनवाल्यानं एकच वाक्य लिहिलं आहे: "या शिक्षिकेला चूक ऐकू येते." मुख्याध्यापिकाबाईंनी ते वाचलं आणि जूनपासूनची सहावी तिला दिली. पत्र हातात आहे. खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊन टाक.

आता माझं. मला सहावीचं गणित का मिळालं होतं, तुला सांगितलेलं नाही. माझी पदवी इंग्रजी साहित्याची. गणिताच्या बाई अचानक गेल्या आणि मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुझं अक्षर सुंदर आहे, फळा छान दिसेल." बस, एवढ्यावर मी गणिताची बाई झाले. बावीस वर्षांची होते. वर्गात माझीच अकरा वर्षांची बहीण, आणि मला सारखी भीती, की एक दिवस तू हात वर करून विचारशील, "ताई, खालचे आकडे सारखे का करायचे?" कारण का करायचे, ते मला माहीत नव्हतं. करायचे, एवढंच माहीत होतं. तपासणी आली तेव्हा मी तुला घरीच सांगून ठेवलं, तू डावा. तपासणी एका दिवसाची होती. तुझा हात वर्षभर डावाच राहिला. मी पाहत होते. मला ते सोयीचं होतं.

थट्टा फालतू नव्हती. चहा दिला नाहीस ते बरं केलंस.

एक विचारायचं राहून गेलं आहे, चाळीस वर्षं. तुझ्या दोन पंचमांशात तू काय मोजत होतीस?

ताई


१५ ऑक्टोबर

ठकू,

तुझं पोस्टकार्ड आलं. "खिडक्या. एका बाजूला दोन, एक उघडी. दुसऱ्या बाजूला तीन, एक उघडी. मला वारा लागत नव्हता."

मी चष्मा लावून तशीच शाळेत गेले. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन. चौतीस वर्षं त्या खोलीत उभी होते आणि खिडक्या कधी मोजल्या नव्हत्या. मग शिपायाला बोलावलं, स्टूल आणि सुरी मागवली, आणि रंग खरवडून तिन्ही चिकटलेल्या खिडक्या उघडून घेतल्या. तो म्हणाला, "बाई, तुम्ही रिटायर झालात ना?" मी म्हटलं, "म्हणूनच वेळ आहे."

कार्ड मी तुझ्या लेकीला दिलं. तिनं चुकांच्या वहीत पहिल्या पानावर डकवलं आणि आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ नाक शिंकरत बसली. सर्दी नाही, घाबरू नकोस.

तर आता ऐक. तिचे चौदा आठवडे संपले, तरी पुढच्या महिन्यापासून दर शनिवारी इथे येऊन ती मोठ्या माणसांचा वर्ग सुरू करते आहे, शाळेतच, त्याच खोलीत. आतापर्यंत नऊ जणांनी नावं दिली आहेत. एक शिंपी, एक नर्स, दोन आजोबा आणि काही पालक, जे मुलांनी वही आणली की दुसऱ्याकडे बोट दाखवतात. पहिल्या दिवशीचा विषय, खालचे आकडे सारखे का करायचे. मी आधीच तिला विचारून घेणार होते, म्हणजे वर्गात शोभा व्हायला नको. ती म्हणाली, "नाही. वर्गात बसून विचार."

म्हणून मी नाव दिलं आहे. कुठला हात वर करायचा, हेही ठरवलं आहे. माझ्या शेजारी तुझंही नाव दिलं. तुला न विचारता. त्यावरून भांडायचं असेल तर समोर येऊन भांड, पत्रानं भांडण पुरत नाही. शनिवार, साडेदहा. दुसरा बाक, खिडकीकडची जागा तुझी. वर्ग सुटला की घरी चल. चहा मी करीन.

तुझी ताई

ता. क. टेबल मोकळं करून घेतलं आहे. आता तीन ताटं मावतात.